फरक पडला म्हणजे नक्की काय झालं?

वऱ्हाडात एका वाक्यापुढं सगळे वाद संपतात. "मले त फरक पडला बावा." हे वाक्य एकदा उच्चारलं गेलं की पुढं कुणी काही विचारायचं नसतं. विचारलं तर तुम्ही आगाऊ, चार बुकं शिकून शहाणे झालेले, पुण्याहून सुटीवर आलेले. फरक पडलेला माणूस समोर बसून चहा पितोय, कंबर वाकवून दाखवतोय, आणि तुम्ही त्याला पुरावा मागता?

मागतो. हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

निमित्त अॅक्युपंक्चरचं. आमच्या तिवस्याच्या पट्ट्यात, नागपूर-अमरावती रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत, शिबिराची पोस्टरं व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. कधी मंगल कार्यालय, कधी समाजमंदिर. वरच्या ओळीत कंबरदुखी, गुडघेदुखी, मायग्रेन. इथवर ठीक. त्याखाली जरा बारीक अक्षरांत शुगर, लकवा, दमा, मुतखडा, थायरॉइड. "औषधाविना. साइड इफेक्टविना." पहिलं सीटिंग मोफत, पुढं दहाचं पॅकेज. आणि सगळ्यात खाली फरक पडलेल्या माणसांचे व्हिडिओ.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दुखण्यावर सुयांनी जो आराम मिळतो तो खोटा नसतो. पण त्यातला बहुतेक भाग सुईचा नसतो. आणि ज्या आजारात बरं वाटणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथं हाच आराम माणसाला खड्ड्यात घालतो.

*

चीन लांब आहे, आधी आपल्या घरातलं बघू. पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, हे आपल्याकडचं जुनं शास्त्र. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याला बोलवायचं, आपण पालथं पडायचं, तो पाठीवरून पाय फिरवतो, हलकी लाथ मारतो, आणि उसण उतरते. उतरते हे खरं आहे. हजारो लोकांची उतरली आहे. तुमच्या घरातही एक तरी साक्षीदार सापडेल.

आता बघा काय काय घडलं. उसण म्हणजे बहुतेक वेळा स्नायू आखडलेला असतो, तो काही दिवसांत आपसूक सैल होतो. माणूस पायाळूकडं पहिल्या दिवशी जात नाही. शेक घेऊन, बाम चोळून, सहन होईनासं झालं की जातो. म्हणजे दुखणं शिगेला पोचलेलं असताना जातो, आणि शिगेनंतर उतारच असतो. शिवाय कुणीतरी खास आपल्यासाठी आलेलं असतं. घरातले सगळे भोवती उभे असतात, आणि आता उतरणार याबद्दल त्यांच्यातल्या एकाच्याही मनात शंका नसते. अंगाला माणसाचा स्पर्श होतो. एवढं सगळं झाल्यावर उसणीनं थांबायचं तरी कशासाठी?

त्याच पायाळूला पांढरा कोट घाला, हातात निर्जंतुक सुयांचं पाकीट द्या आणि भिंतीवर रेघोट्या ओढलेल्या माणसाचं चिनी चित्र लावा.

आमच्याकडं कंबरदुखीलासुद्धा हंगाम असतो. आधी सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. कमरेला ओटी बांधून बाया दिवसभर ओणव्या असतात, आणि ओटी जसजशी भरते तसतसा भारही कमरेवरच येतो. थंडीच्या शेवटाला शिबिर लावा. दहा सीटिंग होईपर्यंत कापसाची उलंगवाडी झालेली असते. कमरेला फरक पडतोच. तो सुईनं पडला की उलंगवाडीनं, हे त्या बाईला कळायला मार्ग नाही, शिबिरवाल्यालाही नाही, आणि मलाही नाही. व्हिडिओ कितीही गोळा केले तरी कळणार नाही, कारण प्रत्येक व्हिडिओत सुई आणि उलंगवाडी दोन्ही आहेत.

म्हणून दोन गट लागतात. एकाला खरी सुई, दुसऱ्याला खोटी, आणि कोणाला कोणती हे रोग्याला माहीत नाही. हे करता येतं आणि केलं गेलंय. २००९ साली अमेरिकेत सिएटल आणि ओकलंड इथं जुनाट कंबरदुखीच्या ६३८ जणांवर असा प्रयोग झाला. काहींना नीट, शास्त्रोक्त ठिकाणी सुया टोचल्या. काहींना फक्त दात कोरायची काडी नळीतून त्वचेवर टेकवून फिरवली. रोगी पालथा, त्याला काय कळणार. आठ आठवड्यांनी ज्यांना 'सुई' मिळाली त्यांच्यातल्या ६० टक्क्यांना हालचालीत चांगला फरक पडला होता. ज्यांचे नेहमीचेच उपचार चालू राहिले त्यांच्यात ३९ टक्क्यांना. आणि खरी सुई आणि दात कोरायची काडी यांच्यात? सांगण्यासारखा फरक नाही.

दोन वर्षं आधी, २००७ मध्ये, जर्मनीतल्या मोठ्या प्रयोगाचे आकडे आले होते. ११६२ रोगी, सहा महिने पाठपुरावा. खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्क्यांना फरक. चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुयांच्या गटात ४४.२ टक्क्यांना. गोळ्या, व्यायाम, फिजिओथेरपी असे रीतसर उपचार घेणाऱ्यांत २७.४ टक्क्यांना.

हे तीन आकडे लक्षात ठेवा, कारण शिबिराच्या पत्रकांत यातले दोनच छापतात. "जर्मनीत सिद्ध झालंय, औषधांपेक्षा जवळजवळ दुप्पट गुण!" पहिला आणि तिसरा आकडा घ्यायचा, मधला गाळायचा. तो मधला आकडाच तर सगळं सांगतो. चुकीच्या जागी टोचूनही तेवढाच गुण येत असेल, तर त्या चित्रावरच्या चौदा वाहिन्या, शेकडो बिंदू, 'ची' नावाची ऊर्जा, ती अडते कुठं आणि मोकळी होते कुठं, हे सगळं कशासाठी? पायाळूच्या जन्माची कथा जशासाठी, तशासाठी.

न्यायानं दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१२ मध्ये २९ प्रयोगांतल्या जवळपास १८ हजार रोग्यांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा खऱ्या सुईला खोट्या सुईपेक्षा थोडा जास्त गुण दिसला. किती थोडा? संशोधकांनी समजावण्यासाठी दिलेलं उदाहरण असं: दुखणं शंभरात ६० असेल, तर अॅक्युपंक्चर न घेणाऱ्यांचं ४३ वर येतं, खोट्या सुईनं ३५ वर, खऱ्या सुईनं ३० वर. म्हणजे एकूण तीस गुणांच्या उतारातले सतरा वेळेचे आणि नेहमीच्या उपचारांचे, आठ सुईभोवतीच्या साग्रसंगीताचे, पाच सुईचे. त्या पाचांबद्दलही शंका आहेच, कारण टोचणाऱ्याला तर माहीत असतं खरी कुठली आणि खोटी कुठली, आणि ते चेहऱ्यावर दिसतं. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेनं २००९ मध्ये कंबरदुखीसाठी अॅक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ मध्ये काढून घेतली, आणि २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी पुन्हा तिला जागा दिली. तज्ज्ञांची ओढाताण चालू आहे. पण ती ओढाताण त्या पाच गुणांची आहे. आपल्याकडचं पॅकेज तीसच्या तीस सुईच्या नावावर विकतं.

*

मला जास्त रस आहे तो मधल्या आठांत.

'मनाचा खेळ' म्हटलं की लोक चिडतात. बायका तर हमखास चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांचं दुखणं घरात आणि दवाखान्यात आधीच 'नाटक' म्हणून निकालात काढलेलं असतं. त्यात आपण शहाण्यासारखं सांगायचं, मावशी, तुमचा गुणसुद्धा मनाचाच. पण मनाचा म्हणजे खोटा नव्हे. १९७८ मध्ये अमेरिकेत दाढ काढलेल्या रोग्यांवर एक सुंदर प्रयोग झाला. औषध नसलेल्या इंजेक्शननं ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना मेंदूतल्या अफूसारख्या रसायनांची वाट अडवणारं औषध दिलं. दुखणं परत वाढलं. म्हणजे नुसत्या भरवशानं शरीर आतल्या आत वेदनाशामक तयार करत होतं. मन म्हणजे काही शरीराच्या बाहेर टांगलेली पिशवी नाही.

तो भरवसा कुठून येतो? जर्मनीतल्या चार प्रयोगांतल्या ८६४ रोग्यांना सुरुवातीलाच विचारून ठेवलं होतं, तुम्हाला काय वाटतं, गुण येईल का? ज्यांना येईल वाटत होतं त्यांना जास्त आला, सुई खरी असो की खोटी. आपल्याकडं तर हा भरवसा आधीच तयार आहे. वऱ्हाडीत 'सुई' म्हणजे इंजेक्शन. डॉक्टरकडून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच, "सुई देल्ली काय?" नुसत्या गोळ्या लिहिणारा डॉक्टर कच्चा, सुई देणारा पक्का. अॅक्युपंक्चरवाल्याला तर एकाच बैठकीत वीस सुया द्यायच्या असतात. दोन-तीन पिढ्यांच्या डॉक्टरांनी मिळवून ठेवलेली पत त्याला आयती मिळते.

आणि हे उलटंही चालतं. २००६ साली हात दुखणाऱ्या २७० जणांना काहींना बिनऔषधाची गोळी, काहींना त्वचेत न शिरणारी खोटी सुई दिली आणि दोघांनाही संभाव्य त्रास सांगून ठेवले. गोळीवाल्यांतल्या ३१ टक्क्यांनी तोंड कोरडं पडतं, झोप येते अशा तक्रारी केल्या. सुईवाल्यांतल्या २५ टक्क्यांनी टोचल्या जागी दुखतं, लाल होतं म्हणून सांगितलं. सुई आत गेलीच नव्हती. "साइड इफेक्टविना" छापणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पण या विषयातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग २००८ चा आहे. हार्वर्डच्या टेड कॅप्चुक यांच्या गटानं पोटाच्या जुनाट तक्रारीचे (आयबीएस) २६२ रोगी घेतले. एका गटाला नुसतं प्रतीक्षा यादीत ठेवलं. दुसऱ्याला खोटी सुई, पण कोरडेपणानं: पहिली भेट पाच मिनिटांची, बोलणं कामापुरतं. तिसऱ्यालाही तीच खोटी सुई, पण पहिली भेट पंचेचाळीस मिनिटांची. कधीपासून त्रास आहे, घरात काय चाललंय, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, असं सगळं विचारलं, ऐकून घेतलं, हातावर हात ठेवला, गुण येईल असा धीर दिला. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं सांगणारे किती? यादीतले २८ टक्के. कोरड्या सुईचे ४४. आणि ऐकून घेतलेले ६२.

सुई तिन्हीकडं नव्हतीच. वाढत गेलं ते माणसाचं माणसाशी वागणं.

*

मग काय बिघडलं? बरं वाटतं ना? हा प्रश्न मला शिबिरवाल्यांपेक्षा शिकलेल्या मित्रांकडून जास्त येतो. त्यांना अॅक्युपंक्चरवर विश्वास नसतो, पण 'लोकांना बरं वाटत असेल तर वाटू द्या' असा एक उदार सूर असतो. मला या औदार्याचा राग येतो.

२०११ मध्ये दम्याच्या ३९ रोग्यांवर बोस्टनमध्ये प्रयोग झाला. प्रत्येकाला आळीपाळीनं चार गोष्टी मिळाल्या: औषधाचा खरा पंप, रिकामा पंप, खोटी सुई, आणि काहीच नाही. मग विचारलं, किती बरं वाटलं? खऱ्या पंपानं ५० टक्के बरं वाटलं, रिकाम्या पंपानं ४५, खोट्या सुईनं ४६, काहीच न केल्यावर २१. इथं थांबलात तर सुई आणि औषध सारखंच. पण त्यांनी फुप्फुसंही मोजली. एका सेकंदात किती हवा बाहेर टाकता येते ते. खऱ्या पंपानं ती २० टक्क्यांनी वाढली. रिकामा पंप, खोटी सुई आणि काहीच नाही, या तिन्हींत सात टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे खोट्या सुईनंतर माणूस खरोखर मोकळ्या श्वासाची भावना घेऊन उठतो. त्याच्या श्वासनळ्या तेवढ्याच आवळलेल्या असतात.

आमची मोठी आई दम्याची आहे. शिबिराचं पॅकेज तिनं हौसेनं घेतलं, पैसे तिच्या लेकानं भरले. चौथ्या सीटिंगनंतर ती सांगू लागली, "बाबू, आता मोकळं वाटते. पंपाची सवय वाईट म्हणते ते." पंप कपाटात गेला. तिला मोकळं वाटत होतं यात तिळमात्र खोटं नव्हतं. पुढं पऱ्हाटीच्या काड्या पेटवायच्या दिवसांत एका पहाटे तिला बसल्या जागी श्वास घेता येईना, ओठ निळे पडले, आणि गाडी करून अमरावतीला नेईपर्यंत घरातल्या कुणाच्या जिवात जीव नव्हता. वाचली. शिबिरवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, सीटिंग अर्धवट सोडली म्हणून झालं. तिनं एकही सीटिंग सोडलं नव्हतं.

दुखणं आणि दमा यांतला फरक एवढाच आहे आणि तो प्रचंड आहे. कंबरदुखीत 'बरं वाटणं' हाच बरं होण्याचा मोठा भाग असतो. दम्यात, शुगरमध्ये, रक्तदाबात तसं नसतं. शुगर तर दुखतही नाही. ती गुपचूप डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा खात असते, आणि माणूस सांगतो, आता उत्साह वाटते. लकव्यात गंमत आणखी वेगळी. झटका आल्यावर पहिल्या साडेचार तासांत मोठ्या दवाखान्यात पोचलं तर गुठळी विरघळवण्याचं औषध देता येतं. त्यानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत हातपाय बऱ्यापैकी सुधारतात, मेंदू स्वतःच वाट काढतो, व्यायाम मदत करतो. याच महिन्यांत रोग्याला शिबिरात नेलं जातं. हात हलला की श्रेय कुणाला? व्हिडिओ कुणाचा?

*

आपल्या जिल्ह्यानं याहून भयंकर पाहिलं आहे. २०२५ च्या सुरुवातीला चिखलदरा तालुक्यातल्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे ६५ चटके दिल्याची बातमी आली. मेळघाटातल्या अशा बातम्या आल्या की तिवस्या-अमरावतीत बसून आपण 'अडाणी लोक' म्हणतो. चटके देणं गुन्हाच आहे, आणि निर्जंतुक सुईशी त्याच्या क्रौर्याची बरोबरी मी करत नाही. पण विचाराची पद्धत जुळवून बघा. आत्मविश्वासानं बोलणारा कुणीतरी, अंगावर केलेली काहीतरी दुखरी क्रिया, आधी गुण आलेल्यांच्या गोष्टी, आणि गुण नाही आला तर दोष रोग्याचा. कोरकू आजीनं हे केलं की अंधश्रद्धा, आणि एसी हॉलमध्ये पावती फाडून केलं की 'पर्यायी उपचार'?

या सुईला आपल्याकडं पुण्याईही उसनी मिळाली आहे. अॅक्युपंक्चर म्हटलं की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं नाव निघतं, लुधियानात तर त्यांच्या नावानं अॅक्युपंक्चरचं रुग्णालय आहे. कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते (नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते, त्यांना आपण विदर्भातलेच लोक विसरलो). कोटणीस शल्यचिकित्सक. युद्धात जखमी झालेल्यांच्या शस्त्रक्रिया करत ते १९४२ मध्ये तिथंच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. सुई भारतात आणली ती त्यांचे सहकारी, कलकत्त्याचे डॉ. बिजॉय बसू यांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस. कोटणिसांचं मोठेपण चाकू आणि टाक्यांचं आहे. ते सुईला चिकटवू नये.

'हजारो वर्षांची परंपरा' हेही तसंच. खुद्द चीनच्या बादशहानं १८२२ मध्ये राजवैद्यक संस्थेतून अॅक्युपंक्चर काढून टाकलं होतं. विसाव्या शतकात माओच्या सरकारला कोट्यवधी खेडुतांसाठी पुरेसे डॉक्टर नव्हते, म्हणून ते मोठ्या प्रमाणावर परत आलं. मग १९७१ मध्ये जेम्स रेस्टन या अमेरिकी पत्रकाराचं अपेंडिक्स बीजिंगमध्ये काढलं गेलं. शस्त्रक्रिया नेहमीची भूल देऊन झाली. सुया टोचल्या त्या नंतर, पोटात गॅस धरला म्हणून. पण त्यानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं आणि जगभर झालं काय, तर सुया टोचून ऑपरेशन! फॉरवर्ड करायला व्हॉट्सअॅपच लागतं असं नाही.

"सरकारमान्य आहे" हे शेवटचं अस्त्र. मान्य आहे, खोटं नाही. महाराष्ट्रानं २०१५ च्या कायद्यानं अॅक्युपंक्चरसाठी परिषद आणि नोंदणीची सोय केली, केंद्रानंही २०१९ मध्ये उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली. नोंदणीमुळं कोण टोचतो हे कळतं, सुई स्वच्छ असावी असा दबाव येतो, छातीत खोल टोचून फुप्फुसाला भोक पाडणारा सापडला तर जाब विचारता येतो. हे चांगलंच आहे. पण टोचल्यानं शुगर जाते की नाही, हे विधानसभेत हात वर करून ठरत नसतं. मधुमेह, लकवा, कर्करोग अशा आजारांवर हमखास औषधाच्या किंवा जादूई इलाजाच्या जाहिराती करू नयेत म्हणून देशात १९५४ पासून कायदा आहे, तो मात्र पोस्टर बनवणाऱ्याला कुणी दाखवत नाही.

*

इथवर वाचून आमचे एमबीबीएस मित्र खूश झाले असतील. त्यांनी खूश होऊ नये.

कारण शिबिरात गर्दी का होते याचं उत्तर त्यांच्याच टेबलाशी आहे. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रोग्याला सरासरी साडेबावीस मिनिटं देतो. भारतात दोन मिनिटांच्या आसपास. वेचणी करणारी बाई मजुरीचा दिवस बुडवून, एसटीनं येऊन, रांगेत उभी राहून आत जाते. "काय होते?" "कंबर दुखते." एक पेनकिलर, एक कॅल्शियम, पुढचा. मान वर करून तिच्याकडं बघितलंही जात नाही. तीच बाई शिबिरात जाते तेव्हा एक माणूस तिची नाडी धरतो, जीभ बघतो, झोप लागते का विचारतो, कुठं दुखतं तिथं हात लावतो, अर्धा तास शांत झोपवतो. तिच्या अख्ख्या आयुष्यात तिला दिवसा अर्धा तास कुणी झोपू दिलं आहे का? पैसे ती सुईचे देत नाही. त्या अर्ध्या तासाचे देते, फक्त पावतीवर सुई लिहिलेलं असतं.

आणि खोट्या सुया आधुनिक दवाखान्यातही आहेत. अशक्तपणा वाटतो म्हणून लावलेली सलाईनची बाटली, जीवनसत्त्वाचं लालभडक इंजेक्शन ("लाल सुई पॉवरफुल असते"), सर्दीला अँटिबायोटिक. रोग्याला हवं असतं म्हणून देतो, असं डॉक्टर सांगतात. अॅक्युपंक्चरवालाही तेच सांगतो. दोघंही रोग्याच्या भरवशाचे पैसे करतात, आणि एकानं दुसऱ्याला भोंदू म्हणावं ही मौज आहे.

खरं तर फसवायचीही गरज नसते. २०१० मध्ये कॅप्चुक यांनीच पोटाच्या त्रासाच्या ८० रोग्यांतल्या निम्म्यांना सरळ सांगितलं, ही बिनऔषधाची गोळी आहे, पण अशा गोळ्यांनी मनाच्या वाटेनं गुण येऊ शकतो. तीन आठवड्यांनी गोळीवाल्यांतल्या ५९ टक्क्यांना पुरेसा आराम, गोळी न मिळालेल्यांत ३५ टक्क्यांना. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण खोटं बोलल्याशिवाय धीर देता येत नाही, हे तरी त्यानं खोडून निघतं.

तिवस्यापासून हाकेच्या अंतरावर मोझरीला गुरुकुंज आहे. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि पोस्टरं छापणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या घरी ती पोथी आहे. मी मागतोय ते काही परदेशी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस फक्त जुनाट दुखण्यांसाठी ठेवा. माणशी पंधरा-वीस मिनिटं. कंबरेला हात लावून तपासा, ओटी कशी बांधायची, वाकायचं कसं, कोणता व्यायाम करायचा ते करून दाखवा, हे दुखणं कर्करोगाचं नाही हे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि पुढच्या आठवड्यात नावानं हाक मारा. यात महागडं यंत्र नाही. डॉक्टरांची रिकामी पदं भरली तर जमेल, नाही भरली तर शिबिरं वाढतील.

तोवर, पोस्टर फॉरवर्ड करणारे आपणच आहोत. गावातल्या म्हाताऱ्यांकडं फोन असला तरी ग्रुप आपण चालवतो, गाडीवर बसवून शिबिराला नेतो आपण, ऑनलाइन पैसे टाकतो आपण. कंबरदुखीसाठी आईला सुया टोचून घ्यायच्या असतील, टोचणारा नोंदणीकृत असेल, सुया नव्या असतील, खर्च झेपत असेल, तर मी आडवा येणार नाही. तिला तो अर्धा तास मिळू द्या. पण पोस्टरवर दमा आणि शुगर लिहिलेलं असेल तर पॅकेजचे पैसे टाकण्याआधी तिथल्या माणसाला दोन गोष्टी विचारा. दम्याच्या रोग्याला सुयांच्या आधी आणि नंतर पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायला लावून दोन्ही आकडे लिहून द्याल का? आणि शुगरच्या रोग्याच्या गोळ्या न थांबवता, तीन महिन्यांनी एचबीएवनसीचा रिपोर्ट आला की मग पैसे घ्याल का?

मी विचारलं होतं. मला सांगण्यात आलं, श्रद्धा नसेल तर गुण येत नाही.

म्हणजे त्यांनाही माहीत आहे.